तो बिचवा ओतीव नाही, घडीव आहे. आणि शिवकालीन तर मुळीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आपल्या पुरवणीत पन्हाळा तालुक्यातल्या एका घरच्या खंडेनवमीच्या पूजेचा फोटो आला आहे. पाटावर विळे, दोन कोयते, ट्रॅक्टरचा पाना, झेंडूची माळ आणि माळेच्या मधोमध बिचवा, म्हणजे वळणदार पात्याचा दुधारी खंजीर. खाली ओळ अशी : ‘शिवकालीन ओतीव बिचवा, पात्यावर दमास्कस पोलादाच्या लहरी आजही स्पष्ट दिसतात.’

एका ओळीत तीन चुका. तो बिचवा शिवकालीन नाही, ओतीव नाही आणि दमास्कसचाही नाही. मागल्या वर्षीच्या श्रावण-भाद्रपदात कोल्हापुरात, उद्यमनगर या कारखान्यांच्या भागाच्या मागच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो तयार झाला. इतकं छातीठोक सांगतो, कारण तो मी केला. त्या घरातल्या लोकांनी बातमीदाराला खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ‘जुना आमच्या थोरल्याकडं हाय, ह्यो त्याच्यावरनं केलेला’ एवढंच ते बोलले असणार. त्यातला ‘जुना’ तेवढा टिपून घेतला गेला.

माझं नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, तो छापू नये. मागे एकदा एका स्मरणिकेत नाव आलं होतं. आठ दिवसांनी रात्री साडेनऊला दोन पोरं मोटारसायकलवरून शेडवर आली. ‘काका, भावाचा वाढदिवस हाय, केक कापायला तलवार पायजे, भाड्यानं दिली तरी चालंल.’ असल्या वाढदिवसांचा शेवट पोलीस ठाण्यात कसा होतो हे आपल्याच पेपरात मी वाचत असतो. त्यांना चहा पाजून परत लावलं.

आमचं घराणं लोहारकीचं. आज्जा गावचा बलुतेदार. नांगराचे फाळ, विळे, खुरपी, बैलगाडीच्या धावा बसवणं हे त्याचं काम. वडील कोल्हापुरात ऑइल इंजिनाच्या कारखान्यात आले. मी आयटीआयचा फिटर, एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. तिथं मिलिमीटरचा शंभरावा भाग ही रोजची भाषा. आज्जाच्या हातोड्याची आणि माझ्या व्हर्नियरची गाठ पडली ती निवृत्तीनंतर.

आता ‘ओतीव’बद्दल. बातमीदाराला फार दोष देत नाही. कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव. इथं कुणाला विचारलं की लोखंडाची वस्तू कशी होते, तर तो म्हणणार, साचा करायचा, रस ओतायचा. पण घरी बिडाचा तवा असेल तर तो फरशीवर पडला की काय होतं ते आठवावं. दोन तुकडे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन तीन टक्क्यांच्या वर. पंपाच्या बॉडीला उत्तम, पात्याला निकामी. पातं वाकून परत सरळ झालं पाहिजे आणि धारही धरली पाहिजे. त्यासाठी पोलाद तापवून, ठोकून, त्याचा कण बारीक करावा लागतो. वस्तू सोन्याची असो की लोखंडाची, घडणावळ वेगळी आणि ओतकाम वेगळं, हे सराफकट्ट्यावरच्या पोरालाही कळतं.

हा बिचवा कसा झाला ते जरा सविस्तर सांगतो. बातमीच्या शेवटी ‘असा बिचवा आज बाजारात हजार-दीड हजारात मिळतो’ असंही एक वाक्य आहे. ते मला ‘ओतीव’पेक्षा जास्त लागलं.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी आपल्याकडे आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. मीही रांगेत उभा राहून बघून आलो. त्यानंतर महिनाभर फोन थांबेना. कुणाला वाघनखं, कुणाला बिचवा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडलं हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं, त्यात वाघनखांच्या जोडीला बिचवा येतोच. म्हणूनच बहुधा आपल्याकडे दिसेल तो बिचवा शिवकालीन ठरतो.

बहुतेक फोन मी तिथल्या तिथं संपवले. एक गृहस्थ मात्र शेडवरच आले. पन्हाळा तालुक्यातले ऊस-शेतकरी, पन्नाशीचे. दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या. जमीन, विहीर, गोठा सगळ्याची वाटणी झाली. देवघरातला बिचवा थोरल्याकडे गेला, कारण तो दोघांत वाटता येत नाही. धाकट्याच्या घरी खंडेनवमीला पाट मांडला की मधली जागा रिकामी. ‘तसाच एक करून द्या. थोरला बघू देतो म्हणलाय.’

थोरल्यानं बघू दिलं, पण अटी घालून. बिचवा घराबाहेर जाणार नाही, मापं घ्यायची ती सोप्यात बसून, त्याच्यासमोर. एक दुपार मिळाली. मी व्हर्नियर, बटर पेपर आणि सोल्डरची तार घेऊन गेलो. ज्यांनी बिचवा हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो : त्याचं पातं विंचवाच्या नांगीसारखं वळतं, म्हणून तर बिचवा. दोन्ही अंगांना धार, मधून कणा, अणीकडं जाडी. मूठ म्हणजे लोखंडाची एक कडी, तीत चार बोटं जातात. वळण मोजायला पट्टी चालत नाही. सोल्डरची मऊ तार पात्याच्या कडेनं दाबत न्यायची, ती आकार धरून ठेवते. मग ती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. असं चार वेळा केलं, कारण दोन्ही बाजूंच्या दोन्ही कडा सारख्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूनंच घासून-पुसून ती बाजू झिजली होती. पात्यावर खड्डे होते. थोरले म्हणाले, लढाईतले. मी मान डोलावली. पाहुण्याच्या घरी वाद कशाला. पण ते खड्डे लिंबाचे होते. दर दसऱ्याला ओलं कुंकू, हळद आणि वर कापलेलं लिंबू ठेवलं की पोलाद दुसरं काय करणार?

कडीचं आतलं माप भरलं ६८ मिलिमीटर. जुन्या हत्यारांच्या मुठी आजच्या हाताला लहानच वाटतात. धाकट्यांनी बोटं घातली, तीन गेली. ‘करंगळी भायेर राहतीया,’ ते म्हणाले, आणि बराच वेळ ती बाहेर राहिलेली करंगळी बघत बसले. त्यांची मूठ मी मोजली तर ९२. परत येताना गाडीत त्यांच्या मंडळींचं म्हणणं, ‘देवघरातच तर ठेवायचाय. हाताला बसला काय, न बसला काय?’ बाईंचं बरोबर होतं. तरी मी कडी ९४ ची केली. मूठ कुणाच्या हातासाठी आहे हे माहीत नसलं तर मला काम सुधरत नाही. हातानं मागणीबरहुकूम करायचं म्हणजे तरी दुसरं काय?

पोलादाचं सांगतो. गावोगावचे लोहार ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे भंगारातून आणतात. विळ्या-कोयत्याला ते झकास. मीही पूर्वी वापरायचो. पण पाटा लाखो वेळा वाकलेला असतो, त्यात केसासारख्या भेगा असू शकतात, आणि त्या पॉलिश करताना शेवटच्या दिवशी दिसतात. म्हणून हल्ली नवी पट्टी घेतो, ईएन-४५ म्हणून मिळते ती. पाट्याचंच पोलाद, पण कोरं.

भट्टी संध्याकाळी पेटवतो. दिवसाउजेडी तापाचा रंग डोळ्याला फसवतो; उन्हात जे लाल दिसतं ते अंधारात नारिंगी असतं. आज्जा दुपारी फाळाचं काम करायचा, पण पाणी द्यायचं काम, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करायचं, ते दिवेलागणीलाच. तो शेडमध्ये गोणपाटाचा पडदा सोडायचा. लहानपणी मला वाटायचं काहीतरी गुपित आहे.

दुधारी पात्याची घडाई एकधारीपेक्षा अवघड का, तर एका अंगाची कड ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पातं दुसऱ्या अंगाला वळतं. सुरी करणारा त्याचा फायदा घेतो. दुधारीत एका बाजूला चार घाव घातले की पालटून दुसऱ्या बाजूला चार, सारख्याच वजनाचे. त्यात बिचव्याचं वळण दोनदा उलटतं, म्हणजे कुठं घाव राखायचे आणि कुठं मोकळे सोडायचे याचा हिशेब दर दोन बोटांवर बदलतो. तावाचाही, म्हणजे एकेका तापवण्याचाही, नेम पाहिजे. रंग उतरून गडद लाल झाला की हातोडा थांबवायचा. ‘अजून दोन घाव’ हा मोह ज्याला आवरत नाही त्यानं फाळच करावेत. या पात्याला मला सव्वीस ताव लागले. आज्जानं पंधरात केलं असतं.

घडाई झाली की तीन वेळा नुसतं तापवून हवेत निवू द्यायचं, मग रात्रभर राखेत पुरून ठेवायचं. सकाळी पातं कानशीला मऊ लागतं. मग खरा फिटर जागा होतो. मोरचुदाचं पाणी फासलं की पोलादावर तांब्याचा पातळ थर चढतो, त्यावर रेघ लख्ख उठते. सरळ पात्याची मधली रेघ सरफेस प्लेटवर एका झटक्यात मारता येते. वळणाऱ्या पात्याला तसं चालत नाही. जेनी कॅलिपर (एक पाय कडेला टेकवून दुसऱ्यानं रेघ मारायचं साधन) घेऊन डाव्या कडेनं एक रेघ, उजव्या कडेनं एक रेघ, दोन्हींच्या मधोमध कणा. मग कानस. चार उतार : दोन पुढं, दोन मागं. चारही एकाच रेघेवर येऊन मिळाले पाहिजेत, बुडापासून अणीपर्यंत. एक उतार कागदाच्या जाडीएवढा जास्त गेला की कणा तिकडं सरकतो, आणि सरकलेला कणा लपवता येत नाही. माझा नातू मोबाइलवर दाखवत होता, अमेरिकेत पाती घडवणाऱ्यांची १९७६ पासूनची एक संस्था आहे. तिथं उस्ताद म्हणून मान्यता मिळवायला ज्या पाच वस्तू परीक्षकांपुढं ठेवाव्या लागतात, त्यात एक दुधारी खंजीर असावाच लागतो. मला नवल वाटलं नाही.

धार या वेळी काढायची नाही. कड एक मिलिमीटरभर जाड ठेवायची. पाणी देताना पातळ कड आधी थंड होते आणि फाटते. आणि कानशीचे आडवे ओरखडे एकही ठेवायचे नाहीत, विशेषतः पातं जिथं संपून कडीत जाणारी शेपटी सुरू होते त्या कोपऱ्यात.

इथं माझीच चूक सांगतो. पहिलं पातं मी नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पाणी द्यायला घेतलं. पाणी म्हणायचं, पण या पोलादाला पाणी सोसत नाही, तेल लागतं. मी भुईमुगाचं तेल वापरतो, आधी ६० अंशांपर्यंत गरम करून. त्या दिवशी शेजारचा वेल्डर हटकून विचारतो, ‘आज भजी का?’ पातं तापत असताना लोहचुंबक लावून बघायचं. एका तापाला पोलाद चुंबकाला सोडून देतं. तिथून रंगाची आणखी एक छटा वर न्यायचं, साडेआठशे अंशांच्या आसपास, आणि अणी खाली धरून सरळ तेलात. जरा तिरकं गेलं की केळीच्या सालीसारखं वाकतं. बाहेर काढल्यावर काही क्षण ते अजून ऐकतं. हातमोजे घालून डोळ्यासमोर धरायचं, किंचित कल असेल तर दाबून काढायचा. मग ते ऐकायचं बंद होतं. कानस लावून बघावी, काचेवर घसरते तशी घसरते.

अशा अवस्थेत पातं कडक असतं आणि आतून ताणलेलं असतं. लगेच उतार द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा थोडं तापवून कडकपणा जरा उतरवावा लागतो : २१० अंशांवर दोन तास, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास. माझी छोटी विजेची ओव्हन आहे. त्या संध्याकाळी पाऊस झाला आणि लाइट गेली. रात्री दहापर्यंत वाट बघितली. निखाऱ्यावर धरून गवती पिवळा रंग येईपर्यंत उतार देता आला असता, आज्जा तसंच करायचा. पण मी म्हटलं, ३१ वर्षं थर्मामीटर बघितलाय, आता अंदाजावर कशाला, सकाळी करू. शेडला लागूनच माझी खोली आहे. रात्री दीड-दोनच्या सुमाराला ‘टिंग’ असा बारीक आवाज आला, चहाच्या कपाला चमचा लागावा तसा. मला तेवढ्यावर कळलं. बॅटरी घेऊन गेलोही नाही. सकाळी बघितलं तर शेपटीच्या कोपऱ्यातून कण्यापर्यंत भेग, आणि भेगेच्या मुळाशी कानशीचा एक आडवा ओरखडा. तो मीच ठेवलेला. ते पातं शेडच्या दारात खिळ्याला टांगलं आहे. पोरं विचारतात, हे का टांगलंय. मी सांगतो.

दुसरं पातं भाद्रपदात, गणपती गेल्यावर. त्या वेळी भट्टी पेटलेलीच ठेवली, लाइट गेली तर असावी म्हणून. गेली नाही. मित्राच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये नेऊन कडकपणा मोजला, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५७ आला.

कडीचं थोडक्यात. बारा मिलिमीटरची मऊ गज, ऐरणीच्या शिंगावर वाकवलेली, सांध्याला टाकणखार टाकून भट्टीतच जोडलेली. वेल्डिंग मशीन दोन हातांवर होतं, पण वेल्डची गाठ पुढं कधीतरी रंगानं उठून दिसते. कडीत पात्याची शेपटी बसते ती खाच कानशीनं केली, ब्लू लावून मॅचिंग केलं. म्हणजे निळा रंग जिथं लागतो तिथं उंचवटा, तो काढायचा, पुन्हा बसवून बघायचं. एकोणीस वेळा. आता रिव्हेट काढून टाकले तरी ते पातं हातानं ओढून निघायचं नाही. हे काम बाहेरून दिसत नाही. दीड हजाराच्या बिचव्यात नेमकं हेच नसतं. तिथं शेपटी पेन्सिलएवढी असते आणि भोवती एपॉक्सी. पूर्वी लाख-राळ भरायचेच, त्याला माझी ना नाही, पण ते आधी बसवून मग भरायचे.

आता त्या ‘दमास्कसच्या लहरीं’कडे येतो. माझ्या पात्यावर लहरी नाहीत. पॉलिश पेपरनं मी पातं उभं घासतो. आधी १२० नंबर, मग २२०, ४००, शेवटी ८००. प्रत्येक वेळी आधीच्या नंबरची रेघ न् रेघ जाईपर्यंत. एका बाजूला एक दिवस जातो. पात्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडून बघायचं. पातं फिरवताना ती पांढरी रेघ कुठं नागमोडी झाली तर तिथं उतारात खड्डा आहे, परत मागच्या नंबरावर जायचं. आपल्या छायाचित्रकाराच्या फ्लॅशमध्ये त्या उभ्या रेघाच लहरींसारख्या दिसल्या असाव्यात.

आणि दमास्कस म्हणजे तरी काय? नावाला फसू नये. जुन्या काळी ज्या पोलादाची पाती या नावानं गाजली, ते पोलाद आपल्या दक्षिणेतलं. तेलंगणात निर्मळच्या बाजूला कोनासमुद्रम म्हणून गाव आहे, तिथं मातीच्या मुशीत ते व्हायचं. इराणी व्यापारी त्यासाठी तिथवर यायचे. मुशीतून निघायची ती पोलादाची वडी. ती कमी तावावर, सावकाश ठोकून पातं केलं की लहरी आपोआप उमटत. म्हणजे बघा, ज्या पोलादाचा जन्म वितळण्यातून होतो त्याचंही पातं घडवावंच लागे, ओतत नसत. आज बाजारात ज्याला दमास्कस म्हणतात ते दोन पोलादांच्या पट्ट्यांची चवड तापवून, जोडून, घडी घालून केलेलं असतं. एकात निकेल असतं. आम्लात बुडवलं की निकेलवालं उजळ राहतं, दुसरं काळं पडतं. तेही मेहनतीचं काम आहे, मी दोनदा केलंय. पण ऑनलाइन येणाऱ्या मालात पुष्कळदा साध्या पात्यावर नुसती नक्षी छापलेली असते. घरच्या घरी ओळखायचं असेल तर पात्याची जाडी बघा. खरी रेघ कडेवरून वळून पलीकडे जाते, छापलेली कडेशी संपते.

किमतीचं. पट्टीचे साडेतीनशे रुपये. वहीत मांडलेले तास ७४, त्यात फुटलेल्या पात्याचे धरलेले नाहीत, ते माझ्या खात्यावर. म्यान वेगळं : आत लाकूड, वर कातडं. ते माझ्या चपला करणाऱ्या मित्राचं काम. कोल्हापुरी चपलेचंच कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. एवढं सुंदर म्यान करून वर मीच गिऱ्हाइकाला सांगतो की बिचवा यात ठेवू नका. कातड्यातला आंबटपणा पावसाळ्यात पात्याला खातो. मित्र त्यावरून दर वेळी चिडतो. सगळे मिळून मी सोळा हजार सांगितले. धाकट्यांनी निम्मे आधी दिले, निम्मे उसाचं बिल आल्यावर, आणि वर गुळाची एक ढेप. तासाला किती पडले ते वाचकांनीच काढावं. उद्यमनगरात लेथवरचा पोरगा किती घेतो तेही विचारावं.

कायद्याचाही एक शब्द, कारण आपल्या बातमीनंतर माझ्याकडे नसले तरी कुणाकडे तरी फोन जाणार. शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. शेतीची, घरकामाची अवजारं वेगळी. या बिचव्याचं पातं साडेसात इंच लांब आणि सव्वा इंच रुंद आहे. म्हणून मी कट्यार करत नाही. कट्यारीचं पातं लांबीला आखूड असलं तरी मुठीशी अडीच-तीन इंच पसरतं. लोकांना वाटतं कट्यार लहान, ती चालेल. आणि माप बसलं म्हणून कमरेला लावून मिरवणुकीत जाता येतं असंही नाही. पोलिसांचे बंदी आदेश असतात तेव्हा काठीसुद्धा चालत नाही. हस्तिदंत आणि सांबरशिंगाची मूठ मागणारेही येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं नाव काढलं की ‘जुनं आहे हो, आजोबांचं’ म्हणतात. म्हशीचं शिंग घ्या म्हणतो, ते घासलं की आरशासारखं होतं. निम्मे निघून जातात.

‘शिवकालीन’ ही चूक मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारानं मला विचारलं होतं, दोन डझन खंजीर करून द्याल का, पॉलिश नको. मिठाचं पाणी मारून, शेणात पुरून गंज तो स्वतः चढवणार होता. मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणीतरी हो म्हटलं असणार. तो गंज ओळखायला सोपा असतो. खोट्याचा गंज सगळीकडे सारखा, नारिंगी आणि पोकळ. खऱ्या जुन्या पात्यावर तो काळपट, खोल आणि मनाला येईल तिथं असतो, जसा थोरल्यांच्या बिचव्यावर लिंबानं केला. पण फोटोत हे कुणाला दिसणार? आपल्या पेपराचं कात्रण जोडून उद्या कुणी माझा बिचवा साडेतीनशे वर्षांचा म्हणून विकू शकतो. धाकटे विकणार नाहीत, त्यांची नातवंडं काय करतील कुणी सांगावं.

तेव्हा येत्या रविवारी तितक्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी : बिचवा नवा, घडीव, साध्या ईएन-४५ पोलादाचा. घर आणि गाव सांगायची गरज नाही. बातमीदारांना शंका असेल तर त्यांनी परत त्या घरी जावं, चहा चांगला मिळतो. वहिनींना सांगून बिचवा हातात घ्यावा आणि कडीच्या आतल्या अंगाला, मधलं बोट टेकतं तिथं, बॅटरी मारून बघावं. पंचानं मारलेले चार आकडे आहेत, २०२४. त्यातला दुसरा २ जरा कलंडलाय, त्या वेळी फोन वाजला होता.

आपला,
एक फिटर, कोल्हापूर